धबधबे आणि रानफुलं: सह्याद्रीतल्या पायी भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचे चार थेंब पडले की आम्हाला येणाऱ्या निरोपांत दोनच गोष्टी असतात: ‘एखादा धबधबा सुचवा’ आणि ‘फुलं कधी फुलतात?’ दर वर्षी तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. उत्तरं घाटमाथा, त्याखालचं कोकण आणि साताऱ्याकडचे सडे (माथ्यावरची कातळाची पठारं) एवढ्यापुरतीच समजा.

१. धबधबे आणि रानफुलं एकाच फेरीत बघायची आहेत. नेमकं कधी निघू?

सप्टेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा. जुलैत धबधबे भरात असतात, पण सड्यावर तेव्हा गवत नुकतं वर येत असतं आणि धुकं असं की पुढच्या माणसाची पाठही दिसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सोनकीने डोंगर पिवळे झालेले असतात, पण कड्यावर धबधब्याच्या जागी ओली रेघ उरते. सप्टेंबरात पाणी अजून पडत असतं, गढूळपणा गेलेला असतो, ओढे उतरलेले असतात आणि पठारावर फुलांचे गालिचे सुरू झालेले असतात. पाऊस पुढेमागे झाला तर हा आठवडाही सरकतो. गेल्या वर्षीच्या फोटोवरची तारीख पाहून सुट्टी टाकू नका.

यावरून भटक्यांत वाद होतात, जुलैवाले जुलै सोडत नाहीत. आमचं मत पक्कं आहे: जुलैतला धबधबा लांबून बघायचा, सप्टेंबरातल्या धबधब्यापाशी जायचं.

२. रानफुलं तर वसंतात येतात ना? मग मार्चमध्ये कासला गेलो तर?

करपलेलं गवत आणि तापलेला कातळ दिसेल. सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. पावसाळा संपला की ती माती वाळते आणि तिच्यातली झाडंही. त्यामुळे इथल्या बहुतेक छोट्या वनस्पतींना उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं जून ते ऑक्टोबरमध्ये उरकावं लागतं. काही कंदाच्या रूपात जमिनीखाली उरलेले महिने काढतात, काही नुसत्या बियांच्या.

चैत्र-वैशाखातला फुलोरा झाडांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर पानं झाडून फुलतात. त्यामागोमाग घाटमाथ्यावरच्या जंगलात अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी मढतात. ते बघायला जरूर जा, फक्त मान वर ठेवून चाला. या दिवसांत धबधब्याची अपेक्षा मात्र ठेवू नका.

३. पहिल्यांदाच जातोय, घरची मंडळीही आहेत. झेपेल अशी जागा सांगा.

सातारा. शहराच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर कासचं पठार, तिथून जवळ भांबवलीचा वजराई धबधबा, आणि दुसऱ्या रस्त्याने सज्जनगडावरून पुढे गेलं की ठोसेघर. ठोसेघरला दरीच्या काठावर कठडा घातलेली जागा आहे, तिथून धबधबा समोर दिसतो. आजी-आजोबाही बघू शकतात. त्याच बाजूला चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार आहे. फुलं तिथेही आहेत आणि गर्दी कासच्या मानाने बरीच कमी.

देवकुंड, काळू, कुंभे या धबधब्यांची नावं चलचित्रांत पाहून पहिल्याच फेरीला निवडू नका. देवकुंडाची वाट जंगलातून ओढे ओलांडत जाते, आणि पावसाळ्यात तिथे बंदीही येते (प्रश्न ९).

४. कासला थेट गेलं तर चालतं का?

हंगामात नाही. कास हे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी एक आहे, आणि फुलांच्या दिवसांत तिथे रोज ठरावीक माणसांनाच सोडतात. नावनोंदणी आधी ऑनलाइन करायची. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, आणि भरल्या नाहीत तरी रस्त्यावर गाड्यांची रांग असते. मधल्या वारी जा, सकाळी लवकर पोहोचा. पायवाट सोडून फुलांत शिरता येत नाही; का, ते प्रश्न १५ मध्ये.

५. बूट कोणते घ्यावेत? नेहमीचे रनिंग शूज चालतील?

कोरड्या दिवसांत चालतील, पावसात नाही. तळाचे खाच-खळगे खोल आणि रबर मऊ हवं. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: शेवाळलेल्या कातळावर कुठलाही बूट टिकत नाही. सतत पाणी झिरपणारा काळा किंवा हिरवट तुळतुळीत भाग दिसला की त्याला वळसा घाला. शक्य नसेल तर बसून उतरा, लाजू नका. नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नका, आठवडाभर घरात-बाजारात वापरा. आमच्यातल्या एकाने हा सल्ला इतरांना दहा वर्षं दिला आणि स्वतः कोरे बूट घालून आला. उतरताना बूट त्याच्या हातात होते.

‘वॉटरप्रूफ’ बुटांचाही फारसा उपयोग नाही. ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि आतच राहतं. जाळीचे, पाणी बाहेर सोडणारे बूट आणि कोरड्या मोज्यांची जास्तीची जोडी जास्त कामाची. जीन्स नको, भिजली की पायात दगड बांधल्यासारखी होते.

६. छत्री की पोंचो?

सड्यावर वारा छत्री उलटी करतो. पोंचो किंवा रेनकोट घ्या, आणि पाठपिशवीतल्या वस्तू आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पोंचोने पायाखालचं दिसत नाही, म्हणून उभ्या उतारावर तो आवरून खोचा.

७. वाटेत ओढा आडवा आला तर ओलांडायचा कसा?

आधी ठरवायचं, ओलांडायचा का. पाणी गढूळ असेल, त्यात काटक्या-पाला वाहत असेल, किंवा तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर परत फिरा. गुडघाभर पाणीही वेगाचं असलं तर धट्टाकट्टा माणूस आडवा होतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, आणि हे काठावर उभं राहून कळत नाही.

ओलांडण्याजोगा वाटला तर पात्र जिथे रुंद आणि उथळ असेल तिथून जा. अरुंद जागा सोपी दिसते, पण पाणी तिथेच खोल आणि जोरात असतं. ज्या जागेच्या खालच्या अंगाला लगेच कडा किंवा डोह आहे तिथून कधीच नाही. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. हातात काठी, तोंड पाणी येतं त्या बाजूला, एका वेळी एकच पाऊल. दोर कमरेला बांधून उतरू नका. माणूस पडला तर तोच दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

आणि परतीचा हिशोब. सकाळी दहाला घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी तीनला कमरेएवढा झालेला आम्ही पाहिला आहे. अलीकडच्या काठावर एका धनगरवाड्याच्या पडवीत चार तास बसलो, अंधार पडायच्या बेताला पाणी उतरलं. थांबणं हाच उपाय होता. डोंगरातले ओढे जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच झपाट्याने उतरतात, पाऊस थांबला पाहिजे एवढंच.

८. आमच्या डोक्यावर तर ऊन होतं, तरी धबधब्याचं पाणी अचानक कसं वाढलं?

धबधब्यात तुमच्या डोक्यावरचा पाऊस येत नाही, माथ्यावरचा येतो. वर तीन-चार किलोमीटरवर ढग रिकामा झाला की सड्याच्या कातळात पाणी मुरत नाही, ते ओहोळांतून थेट कड्याकडे धावतं. खाली उभ्या माणसाला हाताशी काही मिनिटंच मिळतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एका कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. ते प्रवाहात मधोमध उभे असताना पाणी वाढलं होतं.

खुणा अशा: पाण्याचा रंग बदलतो, धबधब्याचा आवाज जाडा होतो, आधी कोरडे असलेले दगड भिजू लागतात, पाला-काटक्या वाहत येतात. यातली एक जरी दिसली तरी मोबाईल, चपला, डबे जिथे आहेत तिथे सोडून बाजूच्या उंच जागी चढा. प्रवाहाच्या दिशेने खाली पळू नका.

निघण्याआधी हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे त्यांच्या भाषेत जोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की सर्वांत वरची श्रेणी. घाटमाथ्याचा इशारा जिल्ह्याच्या सपाटीपासून वेगळा दिलेला असतो, तो वाचा. ऑरेंज असेल तर आम्ही धबधब्याची फेरी रद्द करतो, रेडला घराबाहेरच पडत नाही.

९. बंदी आहे म्हणतात, पण लोक तर जातायत. नक्की काय धरायचं?

बंदी धरायची. जिल्हा प्रशासन धोक्याच्या जागांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतं (जुलै २०२४ च्या आधी हेच काम कलम १४४ करायचं). आदेश ठरावीक तारखांपुरता आणि ठरावीक जागांपुरता असतो, म्हणून ‘गेल्या महिन्यात तर चालू होतं’ याला अर्थ नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या नाक्यावर फोन करून विचारा. काही जागा आदेश असो-नसो पावसात बंदच समजा. साम्रदजवळची सांदण दरी ही त्यातली एक: दोन कड्यांमधली ती फट म्हणजे पावसाळ्यात पाण्याची वाटच असते.

१०. धबधब्याखाली उभं राहिलं किंवा डोहात पोहलं तर काय होतं? आम्हाला पोहता येतं.

पाण्याबरोबर वरून दगड येतात. मुठीएवढा दगड शंभर फुटांवरून डोक्यात पडला तर पोहता येण्याचा काही संबंध उरत नाही. डोहात पडत्या पाण्याच्या पायथ्याशी प्रवाह खाली ओढून पुन्हा धारेकडे आणतो, आणि तिथल्या फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की शरीर नीट तरंगतही नाही. मोठ्या धबधब्यापासून लांब, संथ, तळ दिसणाऱ्या पाण्यात सप्टेंबरअखेरीस पाय सोडून बसा, आम्हीही बसतो.

पायाला जखम असेल तर तेही टाळा. गुरं-उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरोसिसचा जंतू जखमेतून शरीरात शिरतो. भटकंतीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘ओढ्याच्या पाण्यात उतरलो होतो’ हे न विचारता सांगा.

११. जळवा लागल्या तर मीठ टाकायचं ना?

नको. मीठ, तंबाखू, काडीचा चटका यांनी जळू सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकते. नख किंवा कडक कागद कातडीला समांतर धरून आधी तिचं बारीक टोक सरकवा, मग जाड टोक, आणि टिचकीने उडवा. रक्त थोडा वेळ वाहत राहील, कारण जळू रक्त न गोठू देणारा स्राव सोडते. जखम धुवा आणि दाबून धरा. आंबोली, कोयना, चांदोली भागात जळवा जास्त. पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि दर अर्ध्या तासाला एकमेकांचे पाय तपासा. त्रास घाणेरडा वाटतो, पण या यादीतला सर्वांत निरुपद्रवी तोच.

१२. आणि साप?

हात टेकण्याआधी आणि पाय टाकण्याआधी बघा, एवढ्याने बहुतेक प्रसंग टळतात. ओढ्याकाठच्या फांद्यांवर चापडा तासन्‌तास निश्चल बसलेला असतो, त्यामुळे आधाराला फांदी धरायची सवय सोडा. चावा झालाच तर चिरा, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नको. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून आणा आणि १०८ ला फोन करा. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषासाठी बनते, चापड्यासाठी नाही. तरी दवाखाना टाळायचा नाही, कारण साप कोणता हे ठरवणं आणि लक्षणांवर उपचार करणं हे काम तिथलं आहे. साप मारून सोबत नेऊ नका.

१३. फुलांतलं काहीच कळत नाही. ओळखायला सुरुवात कुठून करू?

सात-आठ फुलांपासून, आणि महिन्यांच्या क्रमाने. पहिल्या पावसात जंगलाच्या कडेला फणा काढल्यासारखा सापकांदा दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये रानहळद, आभाळी आणि तिची बहीण नभाळी. ऑगस्टअखेर सड्यावर गेंदाची पांढरी बटणं आणि त्यांच्यात मिसळलेली जांभळी सीतेची आसवं. मग गुलाबी तेरडा, पिवळा कवला (पाकळीवर दोन लालसर ठिपके असतात म्हणून पोरं त्याला मिकी माउस म्हणतात), आणि शेवटी सोनकी. साताऱ्याकडच्या सड्यांवर पाणथळ जागी वायतुरा दिसला तर थांबा: इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, दुसऱ्या कशाशी गल्लत होणार नाही.

रंगावर जाऊ नका, तो फसवतो. पानांची मांडणी, पाकळ्यांची संख्या, झाड कातळावर आहे, चिखलात आहे की सावलीत, हे आधी टिपा. फोटो तीन काढा: फूल समोरून, फूल बाजूने, आणि पानांसकट पूर्ण झाड. नुसत्या फुलाचा सुंदर फोटो ओळखीच्या कामाचा नसतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मात्र सड्यावर तपासून बघण्यासारखी आहे, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती कशी फुटते तेही. एकच लावा.

१४. कासला किडे खाणारी फुलं आहेत हे खरं का?

खरं, पण फुलं किडे खात नाहीत. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यावर किडा अडकतो. सीतेच्या आसवांचे सापळे तर दिसतच नाहीत. ओल्या मातीत त्यांच्या बारीक पिशव्या असतात आणि स्पर्श होताच त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. फूल बिचारं परागीभवनासाठी कीटकांना बोलावत असतं. कारण जमिनीत आहे: सड्यावरच्या पातळ, सतत धुपणाऱ्या मातीत नत्र कमी, ते किड्यांतून भरून काढायचं. दवबिंदू बघायला पायवाटेकडेला गुडघ्यावर बसावं लागतं. सकाळच्या तिरप्या उन्हात ते लाल चमकतात.

१५. फुलांत बसून एक फोटो काढला तर एवढं काय बिघडतं?

एकाच्या बसण्याने जेवढी जागा दबते तेवढ्यात शेकडो झाडं असतात, आणि त्यातली बरीचशी बी धरायच्या आधी मेली की पुढच्या वर्षी त्या जागी उगवायला काही उरत नाही (प्रश्न २ मधला हिशोब). शिवाय दबलेली जागा बघून पुढचा तिथेच बसतो. दोन-तीन रविवारांत वाट पडते, वाटेतून पाणी वाहतं, पाण्याबरोबर बोटभर माती जाते आणि खालचा कातळ उघडा पडतो. कॅमेरा जमिनीलगत धरून पायवाटेवरूनच फोटो काढा, फुलांत बसल्यासारखाच येतो.

१६. कारवी दर सात वर्षांनी फुलते ना? मग यंदा आहे का?

कुठल्या डोंगरावर, ते सांगा. सगळ्या सह्याद्रीची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला मोठा फुलोरा २००८ आणि मग २०१६ मध्ये आला, म्हणजे अंतर आठ वर्षांचं. ‘सात वर्षांनी’ हे बोलण्यातलं माप आहे. सामूहिक फुलोऱ्यानंतर ती झाडं बी टाकून मरतात. मधल्या वर्षांतही चुकार झुडपं फुललेली दिसतात, त्यामुळे दोन फुलं बघून ‘कारवी आली’ अशी हाळी देऊ नका. सड्यावरची टोपली कारवी वेगळी: बसकी, टोपली उपडी घातल्यासारखी. तिचं वेळापत्रक या उंच कारवीवरून ठरवू नका.

१७. नाणेघाटातला उलटा धबधबा कधी दिसतो?

जोराचा वारा असेल तेव्हाच. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्याला आदळून वर वळतो आणि पातळ धार परत माथ्यावर उडवतो. पाणी फार झालं की धार जड होते आणि निमूट खाली पडते, म्हणजे धो-धो पावसापेक्षा मध्यम पाऊस आणि सोसाट्याचा वारा असलेला दिवस बरा. जो वारा पाण्याला उचलतो तो कड्याच्या टोकावरच्या माणसालाही ढकलतो. काठापासून मागे, बसून बघा.

१८. गौरीसाठी दर वर्षी रानातून तेरडा आणतो. तेही चूक का?

कुठून आणता यावर आहे. गावाच्या बांधावर, स्वतःच्या किंवा विचारून घेतलेल्या मालकीच्या रानात उगवणारा नेहमीचा तेरडा भरपूर असतो, त्याला हरकत घेणं आम्हाला पटत नाही. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७. तिथे सणाची सबब चालत नाही. सड्यावरचा छोटा गुलाबी तेरडा ही वेगळी जात आहे, सह्याद्रीबाहेर मिळत नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत मलूल होते.

गौरीत वापरली जाणारी कळलावी मात्र जपून हाताळा. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असतं, खाण्यात गेलं तर जीव जातो. लहान मुलं असतील तिथे ठेवू नका, आणि एकूणच रानातला कंद स्वतःच्या ओळखीवर उकरून खाऊ नका.

१९. आम्हाला कंदीलपुष्प सापडलं! जागा टाकू का सगळ्यांसाठी?

अभिनंदन, आणि कृपा करून टाकू नका. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत आहेत, काही तर दोन-चार डोंगरांपुरत्या. यांचे कंद रानडुकरं खातात, माणसंही उकरतात. पत्ता जाहीर झाला की पुढच्या शनिवारी त्या उतारावर पन्नास जण असतात, आणि त्यातला प्रत्येक जण नीट फोटोसाठी आजूबाजूचं गवत दाबतो.

फोटो टाका, तालुक्याचं नावही नको, नुसता जिल्हा लिहा. मोबाईलमधल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप साठतात, पाठवण्याआधी ते काढा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केलीत तर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते स्वतःच झाकतात, आणि अभ्यासकांना नोंद मिळते. आम्हालाही जागा कळवू नका, खरंच. फुलाची माशी अडकवायची रीत बघितलीत का, तेवढं मात्र कळवा: नळीतले केस आतल्या बाजूला झुकलेले असतात, माशी शिरते पण बाहेर येता येत नाही, आणि परागांचं काम उरकून ते केस कोमेजले की तिची सुटका होते.